आधी पुसा, मग लावा

"आधी पुसा. कोरडं करा. मग लावा." रविवार कारंज्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरपलीकडून आलेलं हे वाक्य. जुलैतली संध्याकाळ, बाहेर भुरभुर चालू, दुकानात ओलं गोणपाट, ऑइल पेंट आणि काथ्याची दोरी यांचा मिसळलेला वास. दारात एक रिक्षा उभी होती. तिच्या पुढच्या चाकावरचा मडगार्ड तडकून अर्धा लोंबत होता आणि चाकाने उडवलेला चिखल काचेपर्यंत पोचला होता. रिक्षावाल्या दादांना सिल्वर टेप हवी होती, आत्ता, तिथल्या तिथे लावायला. दुकानदार मात्र रीळ हातात धरून बसले. "दादा, चिखलावर टेप बसत नाही. उगाच पैसे पाण्यात." त्यावर दादा हसून म्हणाले, "काय शेठ, ही टेप चंद्रावर चालली म्हणतात. मोबाईलवर पाहिलंय मी. आणि नाशकात चालत नाही होय?" दुकानदारांनी मान वर न करता उत्तर दिलं, "चंद्रावर पण पुसूनच लावली असेल ना!" पावसापायी आत थांबलेली तीन-चार माणसं मनापासून हसली. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

चंद्रावर पुसता आलं नव्हतं. आणि तिथेही मोडला होता तो मडगार्डच.

तारीख ११ डिसेंबर १९७२. अपोलो १७ या अमेरिकी चांद्रमोहिमेचे अंतराळवीर यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्रावरच्या टॉरस-लिट्रो नावाच्या दरीत उतरून काही तासच झाले होते. चंद्रावर फिरायच्या गाडीवर सामान चढवण्याची लगबग चालू असताना सर्नन यांच्या नडगीवरच्या खिशातला हातोडा उजव्या बाजूच्या मागच्या मडगार्डमध्ये अडकला आणि मडगार्डचा टोकाचा तुकडा तुटून निघाला. इथे कुणी म्हणेल, मडगार्ड तर मोडला, चाक तर नाही ना! पण चंद्रावरच्या गाडीचं चाक रबराचं नसतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पियानोच्या तारांची ती विणलेली जाळी असते, वर टायटॅनियमच्या तिरक्या पट्ट्या. ही जाळी धूळ उचलून फेकते. आपल्याकडे उडालेली धूळ हवेत घुटमळते, बाजूला वाहून जाते. तिथे हवाच नाही. प्रत्येक कण भिरकावलेल्या दगडासारखा वर जातो, कमान करून खाली येतो, आणि गुरुत्व एक षष्ठांश असल्याने ती कमान लांबलचक पडते. मडगार्ड नसला की ती नेमकी गाडीत बसलेल्या दोघांच्या अंगावर येऊन संपते. ही धूळ काळपट, उन्हात तापणारी. बॅटरीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या आरशांवर तिचा थर बसला की बॅटरी तापते. वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे तिचे कण कधी घासले गेलेले नाहीत. काचेच्या चुऱ्यासारखे धारदार. हेल्मेटच्या काचेवर हात फिरवला तर ओरखडे, सूटच्या सांध्यात शिरली तर सांधे जाम.

सर्नन यांनी राखाडी टेपचं रीळ काढलं आणि तुटलेला तुकडा परत जागेवर चिकटवायला घेतला. हातात हवेने फुगलेले जाड मोजे, ज्यांत प्रत्येक वेळी बोट वाकवायला ताकद लागते. टेपचं टोक नखाने शोधायचं म्हटलं तर नख मोज्याच्या आत. आणि मडगार्डवर, मोज्यांवर, सगळीकडे ती बारीक धूळ. टेप कशीबशी लागली, काही वेळ टिकली, आणि पहिल्याच फेरीत गाडी धावायला लागल्यावर तो तुकडा गळून पडला. त्या दिवशी दोघेही धुळीने माखून यानात परतले.

मग रात्री ह्यूस्टनच्या नासा केंद्रात अंतराळवीर जॉन यंग आणि इंजिनियर मंडळी कामाला लागली. यंग यांना हे दुखणं नवं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अपोलो १६ च्या गाडीचा मडगार्ड त्यांच्याकडूनही असाच गेला होता. सकाळी वर कळवलेली युक्ती अशी: जाड कागदावर छापलेले चार नकाशे घ्या. ते यानाच्या आत, मोजे काढून, स्वच्छ हातांनी, एकमेकांना टेपने जोडा. तयार झालेला हा तक्ता बाहेर नेऊन मडगार्डच्या जागी धरा आणि यानातल्या दिव्यांचे चिमटे लावून घट्ट दाबा. तो तक्ता उरलेल्या दोन्ही दिवसांच्या सफरींत टिकला. ही गोष्ट सांगताना सगळे "टेपने चंद्रावरची गाडी दुरुस्त केली" एवढंच म्हणतात, आणि त्यातली खरी गंमत तिथेच निसटते. टेप दोन्ही दिवशी होती. पहिल्या दिवशी ती धुळीवर लावली, फसली. दुसऱ्या दिवशी कागदावर कागद जोडायला आत वापरली आणि बाहेरच्या धुळकट मडगार्डवर काम चिमट्यांना दिलं. टेपला जे जमतं ते टेपला, जे जमत नाही ते चिमट्याला. तो नकाशांचा मडगार्ड सर्नन यांनी पृथ्वीवर परत आणला. वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात तो आहे.

धुळीवर टेप का बसत नाही, हे आपल्या घरात रोज सकाळी दिसतं. पोळी लाटताना पोळपाटावर पिठी भुरभुरवतात ती कशासाठी? मळलेली कणीक मुळात चिकट. पण तिच्या आणि लाकडाच्या मध्ये कोरडी पिठी आली की कणीक पिठीला चिकटते, पिठी पोळपाटाला चिकटत नाही, आणि पोळी सुटी राहते. टेपचंही तेच. तिचा गोंद धुळीला अगदी घट्ट धरतो, पण धूळ मडगार्डला धरून नसते. शिवाय या गोंदाला सुकायचं नसतं. तो कायम कणकेसारखा मऊ, दाबला की हळूहळू पसरून पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत शिरणारा. म्हणून त्याला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ जागा, दाब आणि थोडा वेळ. थंडीत तो कडक होतो, पसरत नाही. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे बाहेरच्या पाइपवर लावलेली टेप ऊन वर येईपर्यंत धरत नाही ती यामुळेच. आणि लावताना टेप ताणू नये. ताणलेलं प्लॅस्टिक परत आखडायला बघतं आणि कडा स्वतःच उचलते. टोकं कात्रीने गोल कापावीत, कारण चौकोनी कोपरा हा टेप सुटण्याचा पहिला दरवाजा. टेप सरळ ओढली तर पाच-दहा किलोला दाद देत नाही, पण कोपरा धरून उलटी सोलली तर लहान मूलही काढतं. ओढ पूर्ण पट्टीवर वाटली जाते, सोलताना सगळा जोर एका रेघेवर येतो. जोड लावताना तो नेहमी ओढीच्या दिशेला राहील आणि सोलण्याच्या दिशेला जाणार नाही, एवढं पाहिलं तरी अर्धी कामं नीट होतात.

ही टेप जन्माला आली तीसुद्धा एका आईच्या काळजीतून. दुसऱ्या महायुद्धात इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात व्हेस्टा स्टाउट नावाची बाई काडतुसांच्या खोक्यांवर काम करायची. खोकी कागदी पट्टीने बंद करून मेणात बुडवत, आणि उघडायला एक कागदी शेपूट ठेवत. ओढलं की ते शेपूट तुटायचं. लढाईच्या धामधुमीत सैनिकाने खोकं नखाने खरवडत बसायचं! तिची दोन मुलं नौदलात होती. तिने कापडी, पाणी न लागणारी पट्टी सुचवली. साहेबांनी मनावर घेतलं नाही. मग फेब्रुवारी १९४३ मध्ये तिने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आकृत्यांसकट पत्र लिहिलं. पुढे जॉन्सन अँड जॉन्सनने ती टेप बनवली. वर प्लॅस्टिकचा थर, मध्ये सुती जाळी, खाली रबराचा गोंद, आणि हाताने सरळ रेषेत फाटली पाहिजे ही अट. त्या जाळीमुळेच ती कात्रीशिवाय फाटते. हिचं इंग्रजी नाव डक्ट टेप. नावात डक्ट, म्हणजे हवा नेणारी नळी, असली तरी हवेच्या डक्टवर मात्र ती फार टिकत नाही: १९९८ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत मॅक्स शेरमन आणि इयान वॉकर यांनी गरम-थंड हवेचा मारा करून बऱ्याच प्रकारच्या टेप तपासल्या, त्यात कापडी डक्ट टेपच सगळ्यांत आधी हरली.

आता एप्रिल १९७०. अपोलो १३.

चंद्राच्या वाटेवर मुख्य यानात स्फोट कसा झाला, माणसं कशी परत आली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. टेपचा भाग मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. तीन माणसं चांद्रयानात आश्रयाला आली होती. ते यान दोघांसाठी, तेही दोनेक दिवसांसाठी बनवलेलं. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो शोषून घ्यायला लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे असतात. हिशेबाने एक किलो वायूला एक किलोपेक्षा थोडंसं जास्तच हायड्रॉक्साइड लागतं. म्हणजे तिघांना दिवसाला तीन किलोच्या वर. चांद्रयानातले डबे संपत आले. मुख्य यानात भरपूर शिल्लक होते, पण ते चौकोनी, आणि चांद्रयानातली खाच गोल. नासाचे इंजिनियर एड स्मायली यांच्या चमूने जमिनीवर बसून, यानात वर काय काय सामान आहे याची यादी समोर ठेवून, तेवढ्याच सामानातून जोड तयार केला. थंड पाण्याच्या नळ्यांचे जे आतले कपडे असतात त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, सूचना छापलेलं जाड कार्ड, सूटची नळी, एक मोजा आणि राखाडी टेप.

वर वाचून दाखवलेली कृती एखाद्या सुगरणीने सांगावी इतकी बारीक होती. टेपचे साधारण तीन-तीन फुटांचे दोन तुकडे घ्या. डब्याच्या भोवती दोन पट्टे गुंडाळा, एक वरच्या कडेजवळ, एक खालच्या. आणि चिकट बाजू बाहेर ठेवा. घट्ट, दोघांनी मिळून. हा बाहेरचा चिकटपणा हाच या सगळ्यातला सुंदर भाग. नेहमी आपण वस्तूला टेप चिकटवतो. इथे टेपचा चिकट कंबरपट्टा करून त्याच्यावर पिशवी बसवायची होती. मग आडव्या पट्ट्यांना काटकोनात आणखी टेप ओढून ते जागेवर बांधायचे, म्हणजे ते घसरणार नाहीत. नंतर कार्ड वाकवून डब्याच्या तोंडावर कमानीसारखं बसवायचं, आणि त्यावरून पिशवी ओढून तिच्या कडा त्या चिकट पट्ट्यांवर दाबायच्या. कमान कशासाठी? कारण नळीतून पंखा हवा ओढणार. हवा डब्यातून शिरून, शुद्ध होऊन, पिशवीत येणार आणि नळीत जाणार. आत कमान नसेल तर ओढीने पिशवी डब्याच्या तोंडाला चिकटून बसली असती आणि वाट बंद झाली असती. पिशवीच्या कोपऱ्याला छोटं भोक पाडून नळी आत सारायची आणि भोवती टेप. डब्याला एक आडवाटेचं भोक होतं, त्यातून हवा न गाळता निसटली असती. तिथे मोजा कोंबायचा.

या जोडात टेपची निवड किती योग्य होती ते ओढीकडे पाहिलं की कळतं. पंखा आत ओढत असल्याने बाहेरची हवा पिशवीला सतत पट्ट्यांवर दाबत राहते, म्हणजे टेपला लागणारा दाब केबिनची हवाच देते. आणि समजा एखाद्या कडेला फट राहिली, तर बाहेरची न गाळलेली हवा थोडी आत शिरेल, कार्यक्षमता थोडी कमी होईल, पण काही फुटणार नाही. चूक झाली तरी निभावून नेणारा जोड होता तो. स्विगर्ट आणि लव्हेल या अंतराळवीरांनी तो बांधला, पंखा सुरू झाला आणि वायूचं प्रमाण भराभर उतरलं. मोजा आणि टेपने यान वाचवलं हे ऐकायला मजेदार वाटतं. पण त्या यादीत नसलेली एकही वस्तू न वापरता, वर थंडीने गारठलेल्या, झोप न झालेल्या माणसांना फक्त बोलून समजेल अशी कृती लिहिणं, यासारखं इंजिनियरिंग मला दुसरं ठाऊक नाही.

पट्टी घट्ट गुंडाळून जीव वाचवण्याचं काम आपल्या जिल्ह्यात दरवर्षी होतं. दिंडोरी, निफाडच्या बागांत सप्टेंबर-ऑक्टोबरात डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाचं पाचर कलम बांधतात. खुंटाची काडी मधोमध चिरायची, हव्या त्या जातीची काडी पाचरेसारखी तासायची, सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला लागेल अशी खुपसायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर आवळत जायचं. या पट्टीला गोंद नसतो. ती स्वतःच्या ताणाने बसते, आतला ओलावा धरून ठेवते, पावसाचं पाणी बाहेर ठेवते. कलम बांधणारे कारागीर चाकू पुन्हा पुन्हा पुसताना दिसतात; काप मळला की कलम धरत नाही. आणि जोड धरला की ती पट्टी वेळेवर सोडावीच लागते, नाहीतर खोड जाड होतं आणि पट्टीचा काच पडतो. बांधणाऱ्याला बांधतानाच माहीत असतं की हे सोडायचं आहे. अंतराळातली टेपही बहुतेक वेळा याच जातीची: पुढची व्यवस्था होईपर्यंत धरून ठेवणारी.

सगळ्यांत लोभस प्रसंग १९८५ चा. त्या एप्रिलमध्ये डिस्कव्हरी शटलने एक संपर्क उपग्रह सोडला. बाहेर पडताना त्याच्या कडेची एक छोटी कळ उघडून सगळी यंत्रणा सुरू व्हायची होती. उपग्रह गप्प. खालच्या मंडळींना वाटलं, कळ अर्धवट अडकली असावी. तिला कुणीतरी झटका द्यायला हवा. मग अंतराळवीरांनी सूचनांच्या वह्यांची प्लॅस्टिकची कव्हरं कापली, त्यात खिडक्या पाडल्या, म्हणजे कळ त्या खिडकीत अडकेल, आणि टेपने दांड्याला बांधून चक्क माशा मारायचं साधन बनवलं. नावही तेच पडलं. जेफ्री हॉफमन आणि डेव्हिड ग्रिग्ज यांनी बाहेर जाऊन ते यांत्रिक हाताच्या टोकाला बांधलं. शटलच्या इतिहासातलं हे पहिलं बिनठरवलेलं अंतराळभ्रमण. दुसऱ्या दिवशी ऱ्हिया सेडन यांनी तो हात हलवत कळीला गाठलं. प्लॅस्टिक फाटलं, कळीला झटके बसले, म्हणजे साधनाने आपलं काम चोख केलं. उपग्रह मात्र गप्पच. बिघाड कळीत नव्हता, आतल्या विद्युत यंत्रणेत होता. त्याच वर्षी दुसऱ्या मोहिमेने जाऊन तो दुरुस्त केला. मला ही गोष्ट अपोलो १३ इतकीच मोलाची वाटते. साधन बरोबर बनलं आणि निदान चुकलं, हे कोणत्याही कारखान्यात आठवड्यातून एकदा घडतं, आणि त्यानंतर माणसं साधन बनवणं सोडत नाहीत.

२००५ मध्ये स्टीव्ह रॉबिन्सन शटलच्या पोटाखालचे वर आलेले कापडी तुकडे काढायला गेले, तेव्हा सोबत ब्लेड, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि डक्ट टेपने बनवलेली करवत नेली होती. तुकडे बोटांनीच निघाले.

अंतराळ स्थानकातल्या भोकाची गोष्ट अशीच जवळून पाहावी. ऑगस्ट २०१८ च्या शेवटी स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानाच्या भिंतीत दोन मिलिमीटरचं भोक सापडलं, हवा हळूहळू बाहेर जात होती. अलेक्झांडर गेर्स्ट यांनी आधी त्यावर अंगठा ठेवला, मग अंतराळवीरांनी तिथे कॅप्टन नावाची पिवळी टेप लावली, आणि शेवटी इपॉक्सीत भिजवलेल्या पट्टीने भोक बुजवलं. अंगठा ठेवला म्हटल्यावर अंगावर काटा येतो. पण हिशेब करून पाहा. आत एक वातावरण दाब, बाहेर शून्य. दोन मिलिमीटर भोकाचं क्षेत्रफळ साडेतीन चौरस मिलिमीटरलाही पोचत नाही, आणि तेवढ्यावर दाब येतो बत्तीसेक ग्रॅम वजनाइतका. मूठभर शेंगदाण्यांएवढा. शिवाय तो दाब टेपला भोकावरच दाबतो. आतून लावलेल्या टेपला हवा मदत करते. तीच बाहेरून लावली असती तर हवेने तिला सोलून काढलं असतं. पुढे २०२० मध्ये स्थानकाच्या रशियन भागात गळती लागली तेव्हा फट कुठे आहे तेच सापडेना. अनातोली इवानिशिन यांनी चहाची पिशवी फोडून पत्ती त्या खोलीत मोकळी सोडली, दार लावलं, कॅमेरे चालू ठेवले. वजनरहित पत्ती हळूहळू तरंगत गळतीच्या दिशेने गेली आणि फटीपाशी जमली. तिथे कॅप्टन टेप लावली. चहाची पत्ती घरोघरी असते. ती हवेची वाट दाखवते हे सुचायला मात्र हवेकडे रोज लक्ष लागतं.

ही कॅप्टन टेप आपल्याला अनोळखी नाही. एमजी रोडवरच्या मोबाईल दुरुस्तीच्या कुठल्याही टेबलावर ती दिसते: मधासारखी पारदर्शक पिवळी, पातळ, हातात कुरकुरणारी. कारागीर तिला हीट टेप म्हणतात. एक चिप गरम हवेने काढायची असते तेव्हा शेजारच्या नाजूक भागांवर तिचे तुकडे लावतात. ती पॉलिइमाइड नावाच्या प्लॅस्टिकची असते. हे प्लॅस्टिक उणे २६९ ते अधिक ४०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, आणि त्याला सहसा सिलिकॉनचा गोंद लावलेला असतो. अंतराळात बाहेरच्या बाजूला कायमच्या कामासाठी राखाडी डक्ट टेप चालत नाही. रबराचा गोंद निर्वातात वायू सोडतो, आणि तो वायू जवळच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर थंडावून थर धरतो. म्हणून कोणताही पदार्थ वर पाठवण्याआधी १२५ अंशांवर निर्वातात २४ तास ठेवतात. वजन १ टक्क्याहून जास्त घटता कामा नये आणि शेजारच्या थंड पत्र्यावर जमणारा थर ०.१ टक्क्याहून जास्त असता कामा नये. टेप लावताना खाली बुडबुडा राहिला, तर निर्वातात तो फुगतो आणि टेप उचलतो. म्हणून मधून बाहेरच्या दिशेने अंगठ्याने दाबत हवा काढून टाकायची. आणि टेप रिळावरून झटकन ओढली की विजेचा भार साठतो, नाजूक चिप त्याने जळू शकते. ती सावकाश सोडवायची.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियात काही संशोधकांनी साधी पारदर्शक चिकटपट्टी निर्वात पेटीत ठेवून रिळावरून उलगडली, तर तिच्यातून क्ष-किरण निघाले. इतके, की त्यांनी त्यातून बोटाच्या हाडाचा फोटो काढला. वाण्याच्या दुकानातली चिकटपट्टी. हवेत हे होत नाही, म्हणून पुडकं बांधताना घाबरायचं कारण नाही. पण पुढच्या वेळी अंधारात टेप झटक्याने ओढून पाहा, निळसर उजेडाची रेघ हवेतही दिसते.

टेपनेच घोळ घातला असंही झालं आहे. २०२३ मध्ये स्टारलायनर यानाच्या तारांवर घर्षणापासून जपण्यासाठी गुंडाळलेली काचेच्या कापडाची टेप पेट घेऊ शकते, हे लक्षात आलं. सुमारे १,३०० मीटर टेप काढावी लागली. वाकून, अवघड कोपऱ्यांत हात घालून, तारेला ओरखडा न पाडता सोलत बसायचं हे काम कुणाच्या नशिबी आलं असेल त्याच्या बोटांचा विचार येतो. पुढच्याच वर्षी जूनमध्ये सुनीता विल्यम्स याच यानातून वर गेल्या.

त्या दुकानात पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुकानदारांनी आतून जुन्या बनियनचं फडकं आणि थिनरची बाटली आणून दिली. दादांनी मडगार्ड चोळून पुसला. चिखल गेला, खाली मूळचा काळा रंग दिसला. दुकानदार बाहेर आले, तडा पाहिला आणि म्हणाले, "नुसती टेप नको. गाडी हादरते." त्यांनी ड्रिलने तड्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं पाडली, बाइंडिंगची तार ओवून पक्कडने पीळ दिला, पिळाचं टोक आत दुमडलं. मग हातभर टेप फाडली, कात्रीने तिचे चारही कोपरे गोल केले, मधून दाबत बाहेरपर्यंत अंगठा फिरवला आणि दादांना म्हणाले, "पाच मिनिटं थांबा. चहा घ्या." पाऊस वाढला होता. पाच मिनिटांनी त्यांनी टेपचे पैसे घेतले, तारेचे घेतले नाहीत, आणि रिक्षा शालीमारच्या दिशेने खड्ड्यातलं पाणी उडवत निघून गेली.